लालासाहेबांना कुणी पाडलं

भाऊसोचं डोकं फुटलं तेव्हा विहिरीवरची मोटार चालूच होती. त्या घरघरीत दांडा कवटीवर बसल्याचा आवाज राहीबाईला ऐकू आलाच नाही. तिला दिसलं ते रक्त. दिराच्या कपाळावरून भुवईत, भुवईतून मिशीत उतरणारं. आणि तिचा नवरा, लालासाहेब, साठी ओलांडलेला, फौजेतून हवालदार होऊन परतलेला माणूस, खोऱ्याचा दांडा दोन्ही हातांत धरून सख्ख्या धाकट्या भावासमोर उभा होता आणि दुसरा घाव कुठं घालावा ते बघत होता.

भांडण पाण्याचं. उंब्रजच्या अलीकडं दोघा भावांची एक सामाईक विहीर आहे. एक आठवडा थोरल्याचा, एक धाकट्याचा. त्या सकाळी पाळी थोरल्याची सुरू झाली होती तरी पाणी धाकट्याच्या उसात चाललं होतं. लालासाहेबांनी पाइपाची चावी फिरवली. भाऊसोनं ती उलटी फिरवली. मग दोघांनी एकमेकांची आई काढली. आई दोघांची एकच, पण रागात एवढं कुणाच्या ध्यानात राहतं?

भाऊसोही काही गपगुमान मार खाणारा नव्हता. रक्तानं डोळा मिटला तसा त्यानं खाली वाकून थोरल्याचे गुडघे धरले आणि दोघंही सरीतल्या चिखलात आडवे झाले. भाऊसोनं भावाच्या नरड्यावर अंगठे रोवले. लालासाहेबांनी त्याच्या कानाचा चावा घेतला. राहीबाई पदर खोचून दोघांच्या मधी शिरायला बघत होती, एक कोपर तिच्या हनुवटीवर बसलं आणि ती बांधावर जाऊन पडली. तेवढ्यात घराकडून ऋषिराज पळत आला. तिचा मुलगा, फौजेतला जवान, सुट्टीवर आलेला. त्यानं काही विचारलं नाही. चुलत्याच्या बरगडीत बुटाची लाथ घातली, एक, दोन, तीन. भाऊसो गडबडला, नरडं सुटलं, लालासाहेब उठले आणि त्यांनी पुन्हा खोरं उचललं.

आता पुढचं नीट ऐका, कारण ते फक्त राहीबाईनं पाहिलं. खोरं डोक्याच्या वर गेलं आणि तिथंच थांबलं. लालासाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. कपाळावरचा घाम नाकावरून गळायला लागला. बोटं आपोआप उघडली आणि खोरं मागं पडलं. त्याच्यानंतर, म्हणजे खोरं पडल्यानंतर, भाऊसोनं उठता उठता त्यांच्या छातीवर दोन्ही हातांनी धक्का दिला. लालासाहेब उताणे कोसळले. ऋषिराज त्यांच्या पाठीमागं होता. त्याला धक्का दिसला आणि बाप पडलेला दिसला.

शेजारच्या ज्ञानूनं त्याची पिकअप आणली. मागच्या हौद्यात पोत्यांवर लालासाहेब, त्यांचं डोकं राहीबाईच्या मांडीवर, बाजूला ऋषिराज. हायवेला लागेपर्यंत लालासाहेबांनी डोळे उघडले आणि मुलाचं मनगट धरलं.

"भाऊसोनं मारलं रं मला. छातीत मारलं. सोडू नगंस त्याला."

राहीबाईनं पदरानं त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. मरणाच्या दारात पडलेल्या माणसाला, आवं तुमी खोटं बोलताय, असं कसं म्हणायचं?

कऱ्हाडच्या दवाखान्यात त्यांना थेट आत नेलं. बऱ्याच वेळानं एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. भार्गवी तिचं नाव, सांगलीची, बोलणं स्वच्छ. तिनं सांगितलं की हृदयाची एक मुख्य नळी गुठळीनं बंद झाली होती, ती उघडून आत जाळी बसवली आहे, जीव वाचलाय पण हृदयाचा काही भाग गेला तो गेला.

"आबांच्या छातीत मारलंय," ऋषिराज म्हणाला. "माझ्या चुलत्यानं. तसं लिहा मॅडम."

"छातीवर मार बसल्याची साधी खूणसुद्धा नाही. बरगड्या धड आहेत. ही नळी एका धक्क्यानं बंद झालेली नाही. आत वर्षानुवर्षांचा थर आहे." ती राहीबाईकडं वळली. "ह्यांना काही व्यसन?"

"न्हाई वं," राहीबाई म्हणाली. "बिडी नाय, शिगरेट नाय. दारूला तर शिवत न्हाईत."

"तंबाखू?"

"तंबाखू खात्यात की."

ती हे अगदी सहज म्हणाली, जेवण करतात असं म्हणावं तसं. तिच्या लेखी व्यसन म्हणजे ज्याचा वास येतो, ज्यानं माणूस रस्त्यात पडतो ते. तंबाखूला ती व्यसन कशाला म्हणेल? लालासाहेब ती खायला फौजेत शिकले होते. रात्रीच्या पहाऱ्यावर काडी पेटवली की लांबून दिसते, म्हणून जुने जवान बिडीऐवजी चिमूट धरायचे. मी आयुष्यात धूर काढला न्हाई, हे ते चारचौघांत छाती पुढं काढून सांगत. त्याच छातीत आता जाळी बसली होती.

"दुखायला कधी लागलं? भांडणात?"

राहीबाईनं मुलाकडं पाहिलं आणि मग खरं ते सांगितलं. भांडणाच्या आधी. उजाडताना गोठ्यापाशी बसले होते, छाती दाबत, डावा हात भरून आलाय म्हणत. गॅस झालाय म्हणाले. तिनं ओवा दिला. ओव्यानं भागेना तेव्हा त्यांनी चुना लावून एक मोठी चिमूट मळली. ढेकर आला की मोकळं होईल म्हणाले. ती चिमूट थुंकून त्यांनी दुसरी धरली. ती गालात ठेवूनच विहिरीवर गेले. आमच्या भागात हे औषध घरोघरी चालतं. छातीत कळ आली की गॅस, आणि गॅसवर तंबाखू.

डॉक्टरीण राहीबाईच्या शेजारी बाकावर बसली. मग म्हणाली, "मावशी, तंबाखू गालात धरली की त्यातलं निकोटिन सरळ रक्तात उतरतं. नाडी पळायला लागते, रक्ताचा दाब चढतो, रक्तवाहिन्या आवळतात. हृदयाला काम जास्त आणि रक्त कमी. धूर निघत नाही म्हणून हृदय सुटत नाही. सकाळी तो झटकाच चालू झाला होता. वरून दोन चिमट्या आणि वरून मारामारी. तेव्हाच इथं आणलं असतं तर जास्त वाचलं असतं."

"सगळं गाव तंबाखू खातंय," ऋषिराज म्हणाला. "गाव पडलंय का सगळं?"

"सगळ्या गावाच्या छातीत मी बघितलेलं नाही. ह्यांच्या बघितलंय. आणि पुन्हा सुरू केली तर ह्यांना पुन्हा असंच आणावं लागेल, तेव्हा मी काही करू शकेन असं नाही." जाता जाता तिनं राहीबाईच्या काळपट दातांकडं पाहिलं. "तुम्ही मशेरी लावता ना? तीही तंबाखूच."

राहीबाईला लाज वाटली आणि रागही आला. पण दोन्हीला वेळ नव्हता, कारण तिला मुलाचा चेहरा दिसत होता. तो पटलेला चेहरा नव्हता. ज्याचा बाप पडलाय त्या तरण्या पोराला कुणीतरी पाडणारा लागतो. ज्याला डोकं आहे, जे फोडता येतं असा. खिशातल्या पुडीचं तो काय फोडणार?

तिच्या मनात त्या वेळी एकच गोष्ट होती. विहीर गेली तरी चालेल, पाणी गेलं तरी चालेल, पण या भांडणात घरातलं एकही माणूस मरू द्यायचं नाही.

ऋषिराज चहा आणतो म्हणून खाली गेला आणि वर आला नाही. आला तो ज्ञानू, घाबराघुबरा.

"काकी, ऋषीनं गाडीतला ऊसतोडीचा कोयता घेतला. कुणाची तरी मोटारसायकल मागून गेला. भाऊतात्या पलूसला हाईत, नंदाकडं. त्याला कुणीतरी फोनवर सांगितलं."

भाऊसो शहाणा निघाला होता. कऱ्हाडला पुतण्या भेटेल म्हणून तो सांगलीच्या बाजूला, पलूसला लेकीच्या घरी गेला होता आणि तिथंच डोक्याला टाके घालून घेतले होते. राहीबाईनं पिकअपमध्ये चढता चढता त्याच्या लेकीला, राजनंदिनीला, फोन लावला.

"नंदे, बापाला आत घाल आन दार लाव. ऋषिराज कोयता घिऊन येतोय."

"थोरल्या आई, घरात मी आन बाळच हाय. हे कामावर गेल्यात."

"दार लाव म्हनलं न्हवं."

ज्ञानूनं गाडी अशी हाणली की राहीबाईचं डोकं दोनदा टपाला लागलं. वाटेत तिनं ऋषिराजला किती फोन केले ते तिचं तिला माहीत. घंटी वाजत राहायची, मग बाई बोलायची.

पलूसच्या बाहेर द्राक्षबागेच्या कडेला राजनंदिनीचं घर. गाडी थांबायच्या आधीच राहीबाईला आवाज ऐकू आला. कोयता दारावर बसत होता. दार तकलादू, वरून चकचकीत आणि आतून पोकळ, त्याची फळकुटं उडत होती. आत बाळ टाहो फोडत होतं. रस्त्यावर पाच-सहा माणसं लांब उभी राहून मोबाईलवर शूटिंग काढत होती. मध्ये पडायला हात लागतात, आणि ते गुंतलेले होते.

"ऋषिराज."

तो वळला. शर्ट घामानं चिकटलेला, तळहात फुटलेला, डोळे तांबडे. राहीबाईला तो क्षणभर ओळखू आला नाही.

"आये, तू जा हितनं."

"तुज्या आबांना भाऊसोनं पाडलं न्हाई."

"म्या बघितलंय."

"तू मागनं बघितलंस. म्या पुढनं बघत हुते. खोरं हातातनं आदी पडलं. मग धक्का बसला. त्येंचं दुखणं सकाळधरनं हुतं."

"आबा सोता म्हणलं, भाऊसोनं मारलं."

"आबा खोटं बोललं."

 ऋषिराज आईकडं बघत राहिला, जणू तिनंच बापाला मारलं होतं.

"का म्हनून खोटं बोलतील?"

"लाज वाटली असंल. चार गड्यांना न ऐकनारा मानूस चिमटीभर तंबाखूनं पडला म्हनल्यावर लोक हसत्याल न्हवं का? भावानं पाडलं म्हनलं की मानानं पडल्यागत हुतंय."

"तंबाखूनं मानूस पडत आसतो व्हय?" तो ओरडला. "आमची निम्मी कंपनी खाती." आणि त्यानं पुन्हा दारावर घाव घातला. खालची फळी आत गेली. बाळाचा आवाज एकदम मोठा झाला.

तेव्हा आतून कडी निघाली. दार भाऊसोनं स्वतः उघडलं. डोक्याला पांढरी पट्टी, तिच्यातून पाझरलेलं रक्त, एक डोळा सुजून बंद. हातात काही नाही. मागं राजनंदिनी बाळाला घेऊन भिंतीला चिकटली होती.

"ऋषी, मारायचं तर मार," भाऊसो म्हणाला. "पर भाईर. ह्या लेकराम्होरं नगं."

तो दोन पावलं बाहेर आला. विहिरीवर ज्यानं भावाचं नरडं दाबलं तोच हा, पण त्या घटकेला तो उभा राहिला हे मान्य केलं पाहिजे. ऋषिराजनं कोयता वर उचलला.

राहीबाईच्या पायाशी धुण्याचा दगड होता आणि त्याच्यावर ओलं धोपाटणं. ते तिनं कधी उचललं ते तिला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मुलाच्या उजव्या मनगटावर तिनं ते सगळा जीव एकवटून हाणलं. आयुष्यभर घोंगड्या आणि वाकळा बडवलेला हात तो. हाड मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. कोयता सुटला, पडता पडता भाऊसोच्या दंडाला चाटून गेला. तिनं तो पायानं गटारीत ढकलला. ऋषिराज डाव्या हातानं तो घ्यायला वाकला तशी तिनं त्याच्या खांद्यावर दुसरा तडाखा दिला, मग पाठीवर तिसरा, आणि चौथा देताना ती रडत होती.

ऋषिराज गुडघ्यावर बसला. मनगट भलत्याच बाजूला वळलं होतं.

"आये, हात मोडला."

"मोडू दे. हात जुळतोय. तात्याचं मुंडकं कुनी जुळवलं असतं? जल्मभर जेलात बसला असतास, आन कशापायी?"

तिनं धोपाटणं टाकलं आणि त्याला पोटाशी धरलं. तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. शूटिंग काढणाऱ्यांनी तेही काढलं.

कऱ्हाडच्या त्याच दवाखान्यात, वरच्या मजल्यावर बाप आणि खालच्या मजल्यावर पोरगा. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, हे कसं झालं? राहीबाईनं सांगितलं, म्या मारलं. डॉक्टरांनी एकदा तिच्याकडं पाहिलं आणि प्लास्टर गुंडाळायला घेतलं. ऋषिराज आईशी बोलत नव्हता. पण रात्री तिनं भाकरीचा तुकडा मोडून पुढं केला तेव्हा त्यानं तोंड उघडलं, आणि तिला तेवढं बास झालं.

पुढं लालासाहेबांना साध्या वॉर्डात हलवलं. ती त्यांच्या उशाशी बसून सांगायची, भाऊसोनं तुमाला पाडलं न्हाई, म्या समद्यांना सांगितलंय. ते भिंतीकडं तोंड करून पडायचे. एकदा म्हणाले, "गाव हसंल मला." ती म्हणाली, "हसू दे. ऐकायला जिता तर हायसा."  तंबाखूवाचून त्यांचा जीव कासावीस व्हायचा, उगाच नर्सच्या अंगावर ओरडायचे, ताट ढकलून द्यायचे. एकदा पाण्याचा तांब्या त्यांनी राहीबाईच्या दिशेनं भिरकावला. तो तिच्या कानशिलाजवळून गेला. तिनं तो उचलून पुन्हा भरून ठेवला.

तिलाही सोपं नव्हतं. मशेरीची डबी घरी राहिली होती आणि तिचं डोकं ठणकत होतं. ती काही मोठी निग्रही बाई नव्हती. डबी जवळ असती तर तिनं बोट घातलं असतं.

घरी जायच्या आदल्या दिवशी ती ऋषिराजला जेवू घालून वर आली, तर वॉर्डातून हसण्याचा आवाज येत होता. लालासाहेब उशीला टेकून बसले होते. समोर स्टुलावर भाऊसो, डोक्याला पट्टी, दंडाला पट्टी. दोघं भाऊ खुशीत होते. भाऊसो तिला बघून उठला.

"वैनी, मिटलं बगा आमचं. पाळी धरू नीट. म्याच आलो दादाकडं. तुमी आलासा म्हनून त्या दिशी माजा जीव वाचला, ते काय इसरलो न्हाई."

राहीबाईचे डोळे भरून आले. तिनं मनातल्या मनात औंधच्या यमाईला हात जोडले. मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं. ते हसत होते, पण ओठ मिटून. उजवा गाल फुगलेला होता.

आमच्याकडं दोन माणसांचं वैर मिटलं की कागद करत नाहीत. एकजण तळहातावर तंबाखू मळतो, चुना लावतो, टाळी मारून झटकतो आणि हात पुढं करतो. दुसऱ्यानं त्यातली चिमूट उचलली की मिटलं. हात तसाच राहिला तर वैर राहिलं. भाऊसोनं हात पुढं केला होता.

"तोंड उघडा," राहीबाई म्हणाली.

लालासाहेबांनी मान हलवली.

तिनं डाव्या हातानं त्यांचा जबडा धरला, गालांवर अंगठा आणि बोटं रोवून दाबला, आणि उजव्या हाताचं बोट आत घातलं. हवालदार माणूस, त्यांनी तिचं मनगट पकडलं, पिरगाळलं, आणि ते सुटेना तेव्हा चावले. जोरात, हाडापर्यंत.  दात तिच्या बोटात रुतलेले असतानाच तिनं ते गालाच्या आत फिरवलं आणि गोळा ओढून काढला. शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. कुणीतरी नर्सला हाक मारली.

"वैनी, आवं काय करताय," भाऊसो मध्ये आला. "भावाभावाचं मिटलंय, चिमूटभर तर हाय. आन तुमी सोता मशेरी लावताय की."

"लावती. आजून सुटली न्हाई. पर जाळी माज्या छातीत न्हाई, ह्यांच्या हाय."

तिचं बोट दोन ठिकाणी फुटलं होतं आणि रक्त मनगटापर्यंत आलं होतं. तळहातावर तो काळा-ओला गोळा होता. तिनं हात भाऊसोच्या पुढं धरला.

"भावजी, त्या दिशी तुमी ह्यांना मारलं न्हाई. त्यापायी म्या माज्या पोराचा हात मोडला," ती म्हणाली. "आज मारत हुतासा."

भाऊसोनं हातातली पुडी मुठीत दाबली आणि तो खाली बसला. लालासाहेब त्याच्याकडं बघत नव्हते. ते बायकोच्या बोटाकडं बघत होते, आणि त्यांच्या हनुवटीवर तिचं रक्त होतं.